आधी वायर बघा

पडद्यावर चित्र उमटलं नाही की सभेतल्या सगळ्या नजरा लॅपटॉपकडे वळतात. त्यात तो लिनक्सचा असेल तर चौकशीचीही गरज उरत नाही, निकाल आधीच लागलेला असतो. "मॅडम, तुमच्या त्या लिनक्समुळे असेल. आमचं मशीन कालच चाललंय की." हे वाक्य मी आमच्या नगर जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंत ऐकलंय. शाळेत ऐकलंय, सोसायटीच्या हॉलमध्ये ऐकलंय आणि मारुतीच्या सभामंडपातही ऐकलंय. गावोगावी पाण्याचा ताळेबंद मांडून दाखवणं हे माझं काम. यंदा पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, विहिरींना किती उरला आणि त्यावर उन्हाळी कांदा किती एकर परवडेल, असा तो हिशेब. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं पाऊस मोजून हा हिशेब ग्रामसभेसमोर ठेवायची पद्धत पाडली, आता बरीच गावं ती करतात. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू हे लिनक्स आहे, कारण विंडोज नसलेलं मॉडेल स्वस्त पडत होतं. पुढे सवय झाली आणि बदलावंसं वाटलं नाही.

इतक्या सभांनंतर माझं मत ठाम झालंय. बहुतेक वेळा बिघाड लिनक्समध्ये नसतो, वायरीत असतो. लिनक्समध्ये असतो तेव्हा तो आदल्या दिवशी घरी बसून सापडण्यासारखा असतो. लोक नेमकं उलटं करतात. वायर तिथं कुणीतरी देईल म्हणून मोकळ्या हाताने जातात आणि भरल्या सभेत टर्मिनल उघडून बसतात.

शंका असेल त्यांनी केरळकडे बघावं. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये आठवी ते बारावीचे सुमारे ४५ हजार वर्ग लॅपटॉप-प्रोजेक्टरने सज्ज केलेत आणि ते चालतात लिनक्सवर. म्हणजे लिनक्सला प्रोजेक्टरचं वावडं आहे, असं काही नाही. आपल्याकडची अडचण वेगळी आहे, आणि ती समजून घ्यायला आपल्याकडचे प्रोजेक्टर कोणत्या काळातले आहेत हे पाहावं लागतं.

जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि पाठोपाठ शाळा डिजिटल करायची लाट आली. गुरुजींनी लोकवर्गणी गोळा केली, कुठं यात्रेच्या शिल्लक पैशातून, कुठं पुण्या-मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांकडून, आणि वर्गात प्रोजेक्टर बसला. बजेट बेताचं, त्यामुळे यंत्रंही बेताची: ८०० बाय ६०० किंवा १०२४ बाय ७६८ ठिपक्यांची. जोडणी मात्र जवळपास सगळीकडे एकच, निळ्या डोक्याची, पंधरा पिनांची व्हीजीए वायर. ही व्हीजीए आयबीएमनं १९८७ मध्ये आणली. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून जाहीर केलं होतं की २०१५ पर्यंत ही जोडणी आपण संपवत आणणार. म्हणजे ज्या वर्षापर्यंत मोठ्या कंपन्या तिला निरोप द्यायच्या गोष्टी करत होत्या, त्याच वर्षी आपल्या शाळांच्या भिंतींवर ती पट्टी-खिळ्यांनी पक्की होत होती. गुरुजींचा यात काही दोष नाही. दुकानात जे होतं आणि पैशात जे बसलं ते त्यांनी घेतलं, आणि त्यावर मुलं शिकलीही. पण आज आपल्या लॅपटॉपला निळ्या डोक्याची जागाच नसते. एचडीएमआय असतं, किंवा तेही नसून नुसतं टाइप-सी असतं.

म्हणून पहिली खरेदी कन्व्हर्टरची. ती करताना दिशा तपासून घ्या. आपल्याला लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून प्रोजेक्टरच्या व्हीजीएमध्ये जायचंय. दुकानात उलट दिशेचाही कन्व्हर्टर मिळतो, तो दिसायला जवळपास सारखा असतो आणि तो इथं कामाचा नाही. घाईत असलेला दुकानदार हाताला येईल तो पुढे करतो. ओळखायची खूण सोपी आहे: आपल्याला हवा त्याला एचडीएमआयची बाहेर आलेली पिन असते आणि व्हीजीएची भोकं असतात. दुसरं म्हणजे, कन्व्हर्टर ही नुसती वायर नसते. त्याच्या पोटात चिप असते आणि तिला वीज लागते. ती एचडीएमआयच्या पोर्टातूनच मिळते, पण थोडी मिळते. काही लॅपटॉपना तेवढंही जड जातं, मग चित्र येतं-जातं, येतं-जातं. अशा वेळी बाजूला चार्जिंगसाठी छोटं भोक असलेला कन्व्हर्टर उपयोगी पडतो, त्याला यूएसबीची वायर लावून वीज वेगळी देता येते. मी आता तसलाच बाळगते, आणि तो विसरून चालत नाही. क्षेत्रफळाने आपला जिल्हा राज्यात सर्वांत मोठा आहे, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर. भंडारदऱ्याच्या वरच्या एखाद्या वाडीत सभा लागली आणि कन्व्हर्टर विसरला, तर दुकानासाठी खाली उतरेपर्यंत माणसं पांगलेली असतात.

आता वायरीच्या पोटात काय चालतं ते सांगते, कारण निम्मी कोडी तिथंच सुटतात. लॅपटॉप प्रोजेक्टरला नुसतं चित्र पाठवत नाही. आधी विचारतो: तू कोण, तुझे ठिपके किती, सेकंदाला किती वेळा चित्र ताजं करतोस? प्रोजेक्टर त्याला १२८ बाइटचा एक छोटा मजकूर पाठवतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. लग्नाआधी बायोडाटा जावा तसंच हे. तो पोचला तर पुढची बोलणी नीट होतात. तो पोचला नाही तर लिनक्स अंदाजाने चालतो आणि जास्तीत जास्त १०२४ बाय ७६८ वर थांबतो, त्यापुढचे आकार यादीत दाखवतच नाही. समोरचा प्रोजेक्टर १२८० बाय ८०० चा असला तर चित्र ताणलेलं किंवा फुगलेलं दिसतं, आणि मागून आवाज येतो, "लिनक्सला एवढंच जमतं का?"

व्हीजीए वायरीत हा मजकूर बारा आणि पंधरा नंबरच्या पिनांतून येतो. पारनेर तालुक्यातल्या एका शाळेत मी हे अगदी जवळून पाहिलं. चित्र येत होतं, रंगही बरोबर, पण आकार काही केल्या बदलेना. यादीत तीन-चार जुने आकार, बस्स. वायर काढून खिडकीच्या उजेडात धरली. पिनांच्या तीन ओळी असतात, प्रत्येकीत पाच. खालच्या ओळीतली दुसरी पिन आडवी झोपलेली होती. कुणीतरी कधीतरी डोकं तिरकं घुसवलं असणार. शाळेच्या प्रयोगपेटीतला चिमटा घेऊन गुरुजींनीच ती हळूच उभी केली, वायर परत लावली आणि यादी एकदम लांबलचक झाली. लॅपटॉपवर मी एक कळही दाबली नव्हती. एक लक्षात ठेवा, मधल्या ओळीतली एक पिन कित्येक वायरींना मुळातच नसते. ती दिसली नाही म्हणून घाबरू नका.

वरच्या ओळीतल्या पहिल्या तीन पिना रंगांच्या: लाल, हिरवा, निळा. पांढरी भिंत पिवळी दिसायला लागली तर निळ्याची पिन सुटलीय. सगळं जांभळट-गुलाबी झालं तर हिरव्याची, आणि आकाशी झालं तर लालची. एका गावात भूजलाचा नकाशा मी गुलाबी पडद्यावर दाखवत होते, आणि हिरवी शिवारं काळी पडल्यामुळे लोक विचारत होते की आमच्याकडे एवढा काळा पट्टा कशाचा. वायरीचं डोकं बोटानं दाबून धरलं की रंग येत होते, सोडलं की जात होते. दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळून घट्ट केले आणि मिटलं. ते स्क्रू शोभेसाठी नसतात, पण पिळत कुणी नाही.

यापेक्षाही साधा एक घोटाळा आहे आणि तो हुशार माणसांकडूनही होतो. प्रोजेक्टरच्या पाठीमागे निळ्या रंगाची, एकसारखी दिसणारी दोन-तीन तोंडं असतात. एकावर 'कॉम्प्युटर' लिहिलेलं असतं, एकावर 'मॉनिटर आउट'. दुसरं आहे ते प्रोजेक्टरमधून चित्र बाहेर काढून आणखी एखाद्या पडद्याला द्यायला. त्यात लॅपटॉपची वायर लावली तर जन्मभर काही दिसणार नाही. प्रोजेक्टर छताला टांगलेला असेल तर पाठ दिसत नाही, आणि लावणाऱ्यानं चाचपून लावलेली असते. एका मोठ्या प्रशिक्षण हॉलमध्ये तज्ज्ञ मंडळींनी माझ्या लॅपटॉपचं ऑपरेशन चालवलं होतं. रीस्टार्ट झालं, ड्रायव्हरची चर्चा झाली, "विंडोजवाला कुणाचा आहे का" अशी हाक झाली, आणि विंडोजवालाही चालेना तेव्हा कुठं शिपाईदादा शिडी घेऊन आले. वर चढून म्हणाले, "मॅडम, हितं दोन भोकं हायेत, कुठल्यात घालू?" मला तरी दुसऱ्या लॅपटॉपची चाचणी तेव्हापासून फार आवडते. शक्य असेल तिथं ती आधीच करून घ्यावी: दुसऱ्या कुणाचा लॅपटॉप त्याच वायरीला लावायचा. तोही गप्प राहिला तर वाद मिटतो.

सोर्सचं बटणही विसरू नका. प्रोजेक्टरला कोणत्या तोंडाकडे बघायचं हे सांगावं लागतं. रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' लिहिलेलं असतं. रिमोट बहुधा मुख्याध्यापकांच्या कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते. पण बहुतेक प्रोजेक्टरच्या अंगावरही ते बटण असतं. प्रत्येक दाबानंतर चार-पाच सेकंद थांबा. यंत्र शोधत असतं, तेवढ्यात परत दाबलं की पुढच्या तोंडाकडे जातं, आणि आपण गोल गोल फिरत राहतो.

आता लॅपटॉपकडे. वायर लागली, चित्र आलं, पण पडद्यावर नुसता वॉलपेपर, स्लाइडचा पत्ता नाही. यात बिघडलेलं काहीच नाही. उबुंटूनं प्रोजेक्टरला दुसरा, जोडलेला पडदा मानलंय आणि तुमची खिडकी पहिल्या पडद्यावर आहे. विंडोजचं चिन्ह असलेलं बटण, ज्याला लिनक्सवाले सुपर म्हणतात, ते दाबून ठेवा आणि पी दाबा. चार पर्याय येतात: दोन्हीकडे तेच, दोन्ही जोडून, फक्त बाहेरचा, फक्त आतला. पी परत परत दाबलं की पुढे सरकतं, सुपर सोडलं की लागू होतं. हे उबुंटूच्या नेहमीच्या जीनोम डेस्कटॉपवर; केडीई डेस्कटॉपवरही सुपर-पी चालतं, पर्याय मात्र थोडे वेगळे दिसतात. घरी टीव्हीला लावून पाचेक मिनिटं खेळून बघा, बोटांना कळलं की सभेत डोकं चालवावं लागत नाही.

दोन्हीकडे तेच, की जोडून? माझं मत सांगते. पत्रकात आकडे भरून दाखवायचे असतील, लोकांनी सांगितलेली विहिरीची पातळी तिथंच टाइप करायची असेल, तर दोन्हीकडे तेच ठेवा. नाहीतर मान मागे वळवून पडद्यावरचा माउस शोधत बसाल. स्लाइड दाखवायच्या असतील तर जोडून ठेवा. लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये एफ-५ दाबलं की स्लाइड पडद्यावर जाते आणि लॅपटॉपवर पुढची स्लाइड, टिपणं आणि घड्याळ दिसतं. उलटं झालं, म्हणजे टिपणं भिंतीवर आणि स्लाइड तुमच्यासमोर, तर स्लाइड शोच्या सेटिंगमध्ये कोणत्या पडद्यावर दाखवायचं ते बदलता येतं. हे आधी करून बघा. माझ्या एका सहकारी ताईंच्या टिपणात 'सरपंचांचं नाव घ्यायला विसरू नये' असं लिहिलेलं होतं, आणि ते सरपंचांनीच पहिल्यांदा वाचलं. ज्यांना इम्प्रेस नीट शिकायचंय त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतले धडे आहेत. फुकट आहेत आणि सावकाश बोलतात.

दोन्हीकडे तेच ठेवताना एक गोष्ट होते. लॅपटॉप १९२० बाय १०८० चा आणि प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चा असेल तर दोघांना जमेल असा आकार निवडला जातो, आणि लॅपटॉपवरची अक्षरं अचानक मोठी, धूसर होतात. लोक घाबरून सेटिंगमध्ये शिरतात. काही करू नका. वायर काढली की सगळं पूर्ववत होतं.

ज्यांना टर्मिनलची खुमखुमी आहे त्यांच्यासाठी थोडं. आकार यादीत नसेल तर एक्सरँडआर या आज्ञेनं तो हाताने घालता येतो, असा सल्ला सगळीकडे मिळतो. सल्ला खरा आहे, पण तो पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या जुन्या यंत्रणेवरचा, एक्स-ऑर्गवरचा. उबुंटू २१.०४ पासून बहुतेकांच्या लॅपटॉपवर तिच्या जागी वेलँड ही नवी यंत्रणा चालते आणि तिथं या आज्ञेनं पडद्याचा आकार बदलत नाही. पूर्वी लॉगिनच्या वेळी खालच्या चक्रातून एक्स-ऑर्ग निवडता यायचं, उबुंटू २५.१० पासून तीही सोय काढून टाकलीय. त्यामुळे सभेत मोबाइलवर बघून आज्ञा टंकणाऱ्याला पाहिलं की मला त्याची दया येते. वायर बदलली असती तर एव्हाना चहा झाला असता.

लिनक्सचा खरा दोष कुठं निघतो? एनव्हिडियात. काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात, एक इंटेलची आणि एक एनव्हिडियाची, आणि त्यांतल्या बऱ्याच लॅपटॉपांत एचडीएमआयचं भोक थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं. बॅटरी जास्त चालावी म्हणून कुणी एनव्हिडिया बंद करून फक्त इंटेलवर आणलं, तर भोकही मेलं. आमच्या गटातल्या एका तरुणाचा लॅपटॉप असाच होता. घरी सगळं उत्तम, सभेत वायर लावली तर लॅपटॉपला पत्ताच नाही. त्यानं वायर बदलली, प्रोजेक्टर बदलला, कन्व्हर्टर बदलला. शेवटी एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये 'ऑन-डिमांड' निवडून मशीन रीस्टार्ट केलं तेव्हा चित्र आलं. लॅपटॉप घेताना हे विचारून घ्यावं, आणि घेतलेला असेल तर घरच्या टीव्हीला लावून तपासावा. टीव्हीला लागला तर भोक जिवंत आहे. एनव्हिडियावाल्यांनी आणखी एक पथ्य पाळावं: सभेच्या आदल्या रात्री अपडेट करू नये. कर्नल नवा येतो, ड्रायव्हर जुन्याला चिकटलेला राहतो आणि सकाळी पडदा काळा. अपडेट सभेनंतर करा, काही बिघडत नाही.

टाइप-सीबद्दल एकच. प्रत्येक टाइप-सी तोंडातून चित्र बाहेर पडत नाही. काहींतून फक्त चार्जिंग आणि डेटा जातो, आणि मग कितीही महागडा कन्व्हर्टर आणा, उपयोग शून्य. तोंडाशेजारी डी-पीचं किंवा विजेच्या बाणाचं चिन्ह आहे का बघा, नाहीतर मॉडेलची माहिती वाचा. वायरलेसच्या नादी लागू नका. त्या डब्यांसोबत येणारी सॉफ्टवेअरं बहुधा विंडोजसाठीच असतात, आणि पन्नास मोबाइल खिशात असलेल्या हॉलमध्ये वायफाय आपल्याशी प्रामाणिक राहील याची खात्री कोण देणार?

मराठी फाँट हा वेगळाच खड्डा आहे. तालुक्यावरून आलेली स्लाइड उघडली की 'ग्रामपंचायत'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा पाला. ती फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात केलेली असते. तो फाँट तुमच्याकडे नाही आणि लिनक्सच काय, कुठलंही नवं मशीन तो मजकूर वाचू शकणार नाही. पाठवणाऱ्याकडून पीडीएफच मागा, पीडीएफमध्ये फाँट आत बसून येतो. युनिकोड असलं तरी सुटका नाही. विंडोजवर मंगलमध्ये बेतलेली स्लाइड आपल्याकडे दुसऱ्या फाँटात उघडते, अक्षरं थोडी रुंद होतात आणि शेवटची ओळ चौकटीबाहेर लोंबते. त्यामुळे मी इम्प्रेसची फाइल आणि तिची पीडीएफ, दोन्ही पेनड्राइव्हवर ठेवते. पीडीएफ उबुंटूच्या डॉक्युमेंट व्ह्यूअरमध्ये उघडून एफ-५ दाबलं की स्लाइडसारखीच चालते. लॅपटॉप अगदीच रुसला तर तोच पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या मशीनला लावता येतो. सभामंडपात उजेड असतो हेही धरून चाला. गडद पार्श्वभूमीवरची फिकी अक्षरं दुपारी कुणालाच दिसत नाहीत. पांढऱ्यावर काळं, आणि मोठं.

आवाजाचं वेगळंच. वायर एचडीएमआयची लागली की लॅपटॉप आवाजही तिकडेच पाठवतो आणि प्रोजेक्टरचा तोळाभर स्पीकर कुजबुजतो. कन्व्हर्टर लावला तर तिकडे आवाज जातो आणि बाहेर कुठूनच येत नाही. ध्वनीच्या सेटिंगमध्ये आउटपुट परत लॅपटॉपच्या हेडफोनवर आणा, आणि तिथून साऊंडवाल्या दादांच्या ॲम्प्लिफायरला साडेतीन मिलिमीटरची वायर. ती वायर त्यांच्याकडे असेल असं धरू नका.

विजेबद्दल मात्र मी कडक आहे. लॅपटॉपचा चार्जर आणि प्रोजेक्टर एकाच बोर्डावर लावा. जुन्या इमारतींत अर्थिंग धड नसतं. दोन वेगळ्या भिंतींवरून वीज घेतली की दोन यंत्रांच्या पत्र्यांत फरक पडतो, वायर जोडताना चटका बसतो, कधी ठिणगी पडते आणि एचडीएमआयचं तोंड कायमचं जातं. आधी वायर जोडा, मग दोन्ही सुरू करा. वळवाचा गडगडाट सुरू झाला तर वायर काढून टाका आणि तोंडी बोला. वीज जाण्याचं वेळापत्रक गावात सगळ्यांना पाठ असतं, सभेची वेळ ठरवताना विचारून घ्यावं. दिवा असलेला प्रोजेक्टर एकदम बंद झाला, तापलेल्या दिव्याला पंख्याची हवा मिळाली नाही, तर दिव्याचं आयुष्य कमी होतं. तो शाळेचा आहे, लोकवर्गणीचा आहे. सभा संपल्यावरही पॉवरचं बटण दाबून पंखा थांबेपर्यंत प्लग ओढू नये, मागे जीप हॉर्न वाजवत असली तरी.

निघण्याआधी लॅपटॉपवर दोन गोष्टी करून ठेवाव्यात. पडदा आपोआप बंद होण्याची वेळ 'कधीच नाही'वर, आणि डू नॉट डिस्टर्ब चालू. पाण्याच्या हिशेबावर चर्चा रंगते, माणसं उठून एकमेकांच्या बोअरची खोली काढतात, आणि नेमका तेव्हा पडदा काळा होऊन पासवर्ड मागतो. तो पासवर्ड साऱ्या गावासमोर टंकायचा प्रसंग टळलेला बरा.

एवढं करूनही काही वेळा चित्र येत नाही. तेव्हा मी स्वतःला पंधरा मिनिटं देते, त्यापुढे नाही. क्रम ठरलेला: वायरीची दोन्ही डोकी, प्रोजेक्टरचं तोंड आणि सोर्स, सुपर-पी, दुसरा लॅपटॉप. यातून सुटलं नाही तर फळा. पाण्याचा ताळेबंद खडूनं छान लिहिता येतो: डावीकडे आलेला, उजवीकडे गेलेला, खाली शिल्लक किंवा तूट. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेला तर मी प्रोजेक्टर मिळेल असं धरतच नाही. त्या दिवशी सगळ्या गावांच्या सभा, आणि तालुक्यातले झाडून सारे प्रोजेक्टर कुठं ना कुठं गुंतलेले.

कन्व्हर्टरवर मात्र मार्करनं नाव लिहून ठेवा, आणि निघताना तो प्रोजेक्टरच्या वायरीला अडकलेला तर नाही ना हे बघा. माझे आजवर जे हरवले ते सगळे तिथंच राहिले, आणि पुढच्या वेळी गेल्यावर गुरुजी सांगतात, "मॅडम, आमच्याकडे एक चांगला कन्व्हर्टर आहे, तोच लावा."